कोरी माशांसाठी फिल्टरची सिलिका वाळू, सव्वा वर्ष वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. कोरी, म्हणजे तळाशी राहणारे छोटे मिशावाले मासे, पाळायचे असतील तर टाकीच्या तळाला बारीक, गोल दाण्याची, नीट धुतलेली वाळूच पाहिजे, आणि त्यासाठी ॲक्वेरियमच्या दुकानातली एक-एक किलोची महागडी पाकिटं घ्यायची गरज नाहीये. वॉटर फिल्टरच्या टाक्यांमध्ये भरतात ती सिलिका सँड चालते. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून आणली, 50 किलोची गोणी 650 रुपयांना, आणि सव्वा वर्षात माझ्या एकाही कोरीच्या मिशा झिजलेल्या नाहीत. 5 पैकी साडेचार देते, अर्धा मार्क का कापला ते खाली येईलच.

मुळात ही सगळी शोधाशोध का करावी लागली ते सांगते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मुलाने हट्ट धरला म्हणून 6 ब्राँझ कोरी (कोरीतलीच एक जात) आणले. टाकी आधीपासून होती, 3 फूट बाय 1 फूट, सव्वा फूट उंच, म्हणजे साधारण 100 लिटर, त्यात टेट्रा आणि गप्पी. तळाला ते शेंगदाण्याएवढे निळे-पांढरे रंगीत दगड जे सगळीकडे मिळतात. ज्या दुकानातून मासे घेतले तिथे मी स्पष्ट विचारलं होतं की दादा यांना खायला काय घालायचं, तर म्हणाले ताई काही नाही, हे खालचं सगळं साफ करतात, वेगळं द्यायची गरजच नाही. मी विश्वास ठेवला. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर कृपा करून ठेवू नका. कोरी इतर माशांची विष्ठा खात नाहीत, काचेवरचं शेवाळ तर अजिबात नाही, ते काम वेगळ्या माशांचं. कोरी तळाशी पडलेलं अन्न, अळ्या, बारीक किडे हुंगून हुंगून शोधतात, आणि वरच्या माशांनी खाली काही पोचूच दिलं नाही तर बिचारे उपाशी राहतात, तेही कुणाच्या लक्षात न येता.

एप्रिल उजाडेपर्यंत 6 चे 2 राहिले. तिसरा गेला तेव्हा मी त्याला वाटीत घेतलं आणि मोबाईलचा टॉर्च लावून नीट बघितलं. कोरीच्या तोंडाला खालच्या बाजूने मिशा असतात, मऊ, दोऱ्यासारख्या, त्यांनी त्याला चव कळते, वाळूत कुठे काय पडलंय ते समजतं. याच्या तोंडाशी मिशांच्या जागी नुसते गुलाबीसर खुंट होते, तांदळाच्या कणीपेक्षा लहान, ओठाची कड पांढरी पडलेली आणि पोटाला लालसर डाग. म्हणजे खायला होतं तरी ते त्याला सापडलंच नसतं. मला फार वाईट वाटलं, कारण मी रोज टाकीसमोर बसून चहा घेत होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

मग त्या दिवशी दगड बाजूला केले तर खाली काळी लगदी, कुजलेल्या अंड्यासारखा वास. मोठ्या दगडांमध्ये फटी असतात, त्यात अन्न जाऊन बसतं, कोरीला तिथपर्यंत पोचता येत नाही आणि ते तिथेच सडतं. दगड टोचून मिशा गेल्या असं अर्धवट सांगितलं जातं पण खरा त्रास त्या सडलेल्या घाणीचा आणि तिच्यातल्या जंतूंचा, मासा दिवसभर त्याच चिखलात तोंड घालून फिरत असतो ना, आणि धारदार कडा त्या जखमेवर आणखी जखम करतात. त्यात मी आठवड्याला एकदा 10 टक्के पाणी बदलत होते, ते पण कमीच पडत होतं.

तर वाळू. पहिलं मनात आलं ते बिल्डिंगच्या खाली पडलेली वाळू, समोर बांधकाम चालूच आहे. पण हल्ली आपल्याकडे बांधकामावर बहुतेक क्रश सँडच असते, म्हणजे दगड फोडून केलेली. मुलाच्या भिंगाखाली ठेवली तर एकेक दाणा फुटलेल्या काचेसारखा. ती बाद. मग माहेरी पिंपळगाव बसवंतला घर बांधताना उरलेली जुनी नदीची वाळू होती, एक घमेलं भरून आणली, धुतली, दाणे बऱ्यापैकी गोल, मला आवडली होती खरं तर. पण दोन गोष्टी निघाल्या. फ्रीजवरचं मॅग्नेट पिशवीत घालून वाळूत फिरवलं तर पिशवीला काळ्या कणांची दाढीच आली. आपला सगळा दगड बेसॉल्ट, त्यात लोहाचे चुंबकाला चिकटणारे कण असतात, आणि आपण काच साफ करायला तो मॅग्नेटवाला ब्रश वापरतो, त्यात हे कण अडकले की काचेवर कायमचे ओरखडे. दुसरं म्हणजे चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकलं तर फसफसली. म्हणजे चुनखडी किंवा सिमेंट आहे, ते पाण्यात हळूहळू उतरतं आणि पाणी जड करत राहतं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतात, ते आधीच जड, त्यात ही भर नको. तीही बाद.

भाऊ म्हणाला द्राक्षाच्या ड्रीपच्या सँड फिल्टरमध्ये नवीन वाळू भरलीये त्यातली थोडी शिल्लक आहे, ती ने. ती आणली, पण ओली करून मनगटाच्या आतल्या बाजूला घासली तर बोचली. ही परीक्षा मला फार उपयोगी वाटते, तळहाताची कातडी जाड असते, मनगटाची नाही. मनगटाला बोचली ती कोरीच्या ओठाला बोचणारच. पण त्याच्यामुळे डोक्यात आलं की फिल्टरची वाळू वेगवेगळ्या साईझमध्ये मिळत असणार, आणि ती विकणारी दुकानं एमआयडीसीत असणार.

अंबडला वॉटर ट्रीटमेंटचं सामान विकणारं एक दुकान सापडलं, बाहेर निळे पाईप आणि फिल्टरच्या उभ्या टाक्या रचलेल्या, आत गोण्याच गोण्या. तिथले काका म्हणाले, "मॅडम, कोणत्या प्लांटला पाहिजे? किती लिटरचा आहे?" मी म्हटलं काका, 100 लिटरचा, माशांचा. ते हसले नाहीत, उलट उठून आत गेले आणि तीन गोण्यांतली मूठ-मूठ वाळू तीन कागदांवर घेऊन आले. एक खडी, एक 1 ते 2 मिलिमीटरची, आणि एक बारीक, 0.5 ते 1 मिलिमीटर. मी तिथेच पाण्याच्या बाटलीने ओली करून मनगटावर घासली, बारीक होती ती मऊ लागली, खरखर आहे पण बोचत नाही. पिशवीतलं मॅग्नेट फिरवलं, काही चिकटलं नाही. व्हिनेगर नेलंच होतं छोट्या डबीत, थेंब टाकला, शांत. काकांनी हे सगळं बघून घेतलं आणि दुसरी एक गोणी दाखवून म्हणाले की हिचा लॉट वेगळा आहे, ही नका घेऊ, हिचे दाणे जरा टोकाचे आहेत. मी विचारलंही नव्हतं. म्हणजे एक लक्षात ठेवा, सिलिका सँड म्हटली की सगळी सारखीच असं नाही, साईझ तीच असली तरी दाण्याचा आकार लॉटप्रमाणे बदलतो, फोनवर ऑर्डर देऊ नका, जाऊन हाताने बघा.

किती लागते? 90 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 3 सेंटिमीटर थर, म्हणजे 8 लिटरच्या आसपास, वजनात साधारण 12-13 किलो. 3-4 सेंटिमीटरच्या वर थर देऊ नका. कोरी वरचा भागच ढवळतात, खालचा थर जाड झाला की तिथे हवा पोचत नाही आणि पुन्हा तोच सडका गॅस.

धुणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, ते टाळू नका. बादलीत तिसऱ्या हिश्श्याएवढी वाळू, वरून नळ, हाताने तळापासून ढवळायचं आणि गढूळ पाणी ओतून द्यायचं. पहिलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं. मला एकेका बादलीला 12 ते 15 वेळा लागलं, ते पाणी मी सगळं गच्चीतल्या कुंड्यांना घातलं. आणि कोरडी असताना गोणी झटकू नका, सिलिकाची धूळ छातीला वाईट असते, गोणी उघडली की आधी पाणी शिंपडा आणि मग हात घाला.

आता जे मासे आधीच टाकीत आहेत त्यांचं काय, तर इथे घाई केली की मासे जातात. टाकीतली घाण पचवणारे चांगले बॅक्टेरिया दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहतात. दगड काढले म्हणजे त्यातले निम्मे गेले. म्हणून मी स्पंज फिल्टर धुतलाच नाही, टाकीच्या जुन्या पाण्यातच मोठ्या टबात मासे आणि तोच फिल्टर चालू ठेवून सगळं केलं. कोरी जाळीने पकडू नका, त्यांच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या पंखांना कडक काटे असतात ते ताणून उभे करतात आणि जाळीत गुंततात, मग ओढाताणीत जखम होते. प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरायचा आणि हळूच आत हाकलायचं. वाळू टाकून झाल्यावर त्यावर एक ताटली ठेवली आणि पाणी ताटलीवर सोडलं, नाहीतर वाळू उडून सगळं गढूळ होतं. पुढचे दोन आठवडे खाणं निम्मं आणि दिवसाआड 20 टक्के पाणी बदल, नळाच्या पाण्यात आधी अँटीक्लोरीन टाकून. अमोनिया आणि नायट्राईट (घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं) दोन्ही टेस्टमध्ये शून्य येईपर्यंत नवीन मासा आणला नाही. नवीच टाकी असेल तर हे बॅक्टेरिया नीट बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, तेवढा धीर धरा, वाळू कितीही चांगली असली तरी हे टळत नाही.

आणि मग ते दोन जुने कोरी. पहिला दिवस एका कोपऱ्यात नुसते बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांतल्या मोठ्या मादीने तोंड वाळूत घातलं, असं की डोळ्यांपर्यंत आत, आणि कल्ल्यांतून दोन्ही बाजूंनी वाळूची बारीक धार बाहेर पडली, जशी चाळणीतून पिठी पडते तशी. तोंडाने वाळू घ्यायची, खाण्याचं काही असेल ते ठेवायचं, बाकी कल्ल्यातून सोडून द्यायची, हे त्यांचं मूळचं खाणं आहे, आणि दोन महिने मी त्यांना ते करूच दिलं नव्हतं. मुलगा शाळेचा डबा हातात धरून तिथेच उभा राहिला होता. मध्येच ते डोळा खाली फिरवतात, अगदी डोळा मारल्यासारखं दिसतं, ते पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. मिशा मुळापासून गेल्या नसतील तर पुन्हा वाढतात, माझ्या दोघांच्या अडीच-तीन महिन्यांत बऱ्यापैकी आल्या, एकीची एक बाजू मात्र अजून आखूड आहे.

पाणी स्थिर झाल्यावर आणखी 5 ब्राँझ आणले, म्हणजे 7 झाले. एकटा-दुकटा कोरी ठेवू नका, किमान 6 आणि तेही एकाच जातीचे, त्यांना आपल्यातल्यांचीच सोबत लागते. दोनच होते तेव्हा दिवसभर लपलेले असायचे, आता भर उजेडात सगळा घोळका वाळूत नाक खुपसत फिरतो. खाणं म्हणजे बुडणाऱ्या गोळ्या, रात्री लाईट बंद केल्यावर, म्हणजे टेट्रा पळवत नाहीत, आणि आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या. वाळूवर अन्न पडलं की ते वरच राहतं, फटीत जात नाही, उरलेलं सकाळी दिसतं आणि काढता येतं, वाळूचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. नेटवर शोधताना एक लक्षात ठेवा, 2024 मध्ये यांचं वर्गीकरण बदललंय, ब्राँझ कोरीचं शास्त्रीय नाव कोरिडोरास एनियस होतं ते आता ऑस्टिओगास्टर एनिया झालंय, मासा तोच. दुकानात मिळणारा अल्बिनो कोरीही बहुतेक वेळा याच जातीचा असतो.

वाळूची देखभाल सोपी आहे. सायफनची नळी वाळूत खुपसायची नाही, दोन बोटं वर धरून फिरवायची, घाण वरच असते ती उचलली जाते. महिन्यातून एकदा बोटाने सगळीकडे हलकंच ढवळते. सुरुवातीला काही आठवडे वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर आला होता, तो नव्या टाकीला येतोच, पुसत राहिलं की जातो. मोटरवाला फिल्टर असेल तर त्याचं तोंड तळापासून 3 इंच तरी वर ठेवा, कोरी उडवतात ती वाळू आत गेली की मोटर खराब होते. माझा साधा स्पंज फिल्टर आहे, एअर पंपवर, त्याला काही होत नाही.

वाळूच्या बाहेरचं एक सांगते कारण नाशिकमध्ये ते महत्त्वाचं आहे. आपल्याकडे मे महिन्यात 40 च्या पुढे जातं आणि जानेवारीत पहाटे 10 च्या खाली येतं. ब्राँझला 22 ते 26 डिग्री पाणी मानवतं. माझं घर वरच्या मजल्यावर, गच्चीखालीच, मे मध्ये पाणी 31 झालं होतं. झाकण काढून पाण्यावर छोटा फॅन लावला की बाष्पीभवनाने 2-3 डिग्री उतरतं, बर्फ टाकू नका, एकदम गार होऊन धक्का बसतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, तेव्हा ते सारखे वर येऊन तोंडाने हवा घेऊन जातात. ती हवा ते आतड्यातून शोषतात, त्यामुळे अधूनमधून वर येणं नॉर्मलच आहे, दर मिनिटाला यायला लागले तर पाणी तपासा. टाकी काठोकाठ भरू नका, वर दोन-तीन बोटं जागा ठेवा. थंडीत 100 वॅटचा हीटर 24 वर लावते. पेपर्ड कोरी दिसायला गोड असतात पण त्यांना गार पाणी लागतं, उन्हाळ्याची सोय नसेल तर नका घेऊ, उलट स्टर्बाय कोरीला 28 पर्यंत चालतं, आपल्या हवेला तो जास्त बरा, फक्त महाग आहे.

गेल्या जुलैत पाऊस लागला, नळाचं पाणी गार यायला लागलं, आणि पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर अंडी, साबुदाण्याहून लहान, दुधी रंगाची. मादी पोटाखालच्या पंखांची ओंजळ करून त्यात तीन-चार अंडी धरते, काच तोंडाने चोखून साफ करते आणि मग तिथे चिकटवते. मी 40 एक अंडी बोटाने हळूच सुटी करून वेगळ्या डब्यात ठेवली, एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) आणि कॉलेजजवळच्या झाडाखालून उचललेलं बदामाचं वाळकं पान धुऊन, बुरशी कमी लागावी म्हणून. चौथ्या दिवशी पिल्लं. आधी डब्याचा तळ उघडा होता, रोज एक-दोन मरत होती. मग हीच वाळू चिमूटभर, नुसती एक थर पसरली, आणि मरायची थांबली. पाणीही तेव्हापासून दिवसातून दोनदा बदलायला लागले होते त्यामुळे सगळं श्रेय वाळूला देत नाही, पण पिल्लं त्या दाण्यांमध्ये पहिल्याच तासात नाक घालायला लागली हे मी डोळ्यांनी बघितलंय. 19 वाढली, 11 ओळखीत दिली, ज्यांच्याकडे आधी तळ बघून घेतला त्यांनाच.

आता अर्धा मार्क. एक म्हणजे रंग. ही वाळू फिकट, जवळजवळ पांढरी, आणि फिकट तळावर मासे पण फिके पडतात, ब्राँझची ती तांबूस-हिरवी झळाळी दिसत नाही. झाडं लावली, वरून पानं टाकली, लाईट कमी केला, तेव्हा जरा रंग आला. थोडी पिवळसर छटा असलेला लॉट मिळाला तर तो घ्या. दुसरं, दुकान सुटी वाळू देत नाही, पूर्ण गोणीच घ्यावी लागते, आणि 50 किलो तिसऱ्या मजल्यावर चढवणं सोपं नाहीये, मला खाली पार्किंगमध्येच चार बादल्या करून वर न्यावी लागली. तीन-चार जणांनी मिळून घेतलीत तर सगळ्यांचं काम होतं. माझ्याकडे अजून 20 किलो पडून आहे, धुतलेली नाही, इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागातलं कुणी कोरी ठेवणार असेल तर कमेंटमध्ये सांगा, डबा घेऊन या आणि घेऊन जा.